जमिनीवर बसून शिकायचं उड्डाण

बऱ्हाणपूरहून विमानाने कुठे जायचं म्हटलं की आपण आधी इंदूरची बस नाहीतर जळगावची रेल्वे बघतो. विमान आपल्यापासून तेवढं लांबच राहिलं आहे. पण विमान का उडतं, केव्हा उडत नाही आणि केव्हा ते उडवूच नये, हे शिकायला घर सोडावं लागत नाही. गेली दोन वर्षं मी तेच करतोय. बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये आलो. दिवसभर घरून कंपनीचं काम करतो आणि रात्री जेवणं आटोपली की तासभर मायक्रोलाइट विमानांची थिअरी वाचतो.

माझ्याकडे लायसन्स नाही आणि हा लेख वाचून कुणाला विमान चालवता येणार नाही. तरी या अभ्यासातून एक गोष्ट मला पक्की कळली. आपल्याला वाटतं, थिअरी म्हणजे उडायचं कसं ते. खरं तर तिचा निम्म्याहून जास्त भाग आज उडायचं की नाही, हे ठरवण्याचा आहे. आणि ते ठरवायला आठवी-नववीचं गणित पुरतं.

मायक्रोलाइट म्हणजे नेमकं काय?

मायक्रोलाइट म्हणजे एक किंवा दोन माणसांचं, एका लहान इंजिनाचं, अगदी हलकं विमान. युरोपात बरीच वर्षं दोन आसनी मायक्रोलाइटची कमाल वजनमर्यादा ४५० किलो होती आणि त्यात विमान, माणसं, पेट्रोल सगळं आलं. नुसती मारुती ८०० सुद्धा याहून जड भरते.

यात दोन जाती आहेत. एक नेहमीच्या विमानासारखी दिसणारी, शेपटी आणि दांडा असलेली. दुसरी म्हणजे वर कापडी त्रिकोणी पंख आणि खाली तीन चाकांची टांगलेली गाडी. दुसरीत चालक समोरचा आडवा दांडा धरून स्वतःचं वजन पंखाखाली पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवतो आणि विमान वळतं. तिचा कापडी पंख अमेरिकेतल्या फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या नवरा-बायकोने १९४८ साली घरच्या घरी तयार केला. पहिला नमुना स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडाचा होता आणि वाऱ्यासाठी घरचाच पंखा होता. तेव्हा घरात काही प्रयोग चालला असेल तर आयांनी लगेच ओरडू नये, ही विनंती.

एवढ्याशा विमानाने किती जाता येतं? विजयपत सिंघानिया १९८८ साली मायक्रोलाइटमधून एकटे ब्रिटनहून भारतात आले, २३ दिवसांत. २००७ साली हवाई दलाच्या राहुल मोंगा आणि अनिल कुमार या अधिकाऱ्यांनी ७९ दिवसांत मायक्रोलाइटने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आणि मे २०१९ मध्ये मुंबईच्या बोरिवलीची आरोही पंडित, वय वर्षं २३, पिपिस्ट्रेल सायनस या छोट्या विमानातून एकटी अटलांटिक ओलांडून कॅनडात उतरली. हलक्या क्रीडा विमानातून असं करणारी ती जगातली पहिली महिला.

पंख हवा खाली ढकलतो

शाळेत आपल्याला सांगतात की पंखाची वरची बाजू फुगीर असते, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोहोचायचं म्हणून ती जोरात पळते आणि त्यामुळे विमान उचललं जातं. यातला ‘एकाच वेळी’ हा भाग चुकीचा आहे. हवेच्या बोगद्यात धूर सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पुढे निघून जाते. वरची हवा वेगाने जाते आणि तिथला दाब कमी असतो, हे खरं. पण कारण लांबचा रस्ता नाही. तसं असतं तर विमान उलटं उडूच शकलं नसतं.

सोपं सांगायचं तर पंख येणारी हवा खाली वळवतो आणि त्याची परतफेड म्हणून हवा पंखाला वर ढकलते. संक्रांतीला पतंग उडवलेल्या कुणालाही हे हातानेच माहीत असतं. कण्णी चुकीची बांधली, पतंग वाऱ्याला फारच सपाट राहिला, तर तो उठत नाही. फार उभा राहिला तर गटांगळ्या खातो. मधला एक कोन जमला की मांजा ताणला जातो. हवेला पंख ज्या कोनात सामोरा जातो, त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. सगळी थिअरी या एका कोनाभोवती फिरते.

हा कोन वाढवत गेलं की उचल वाढते, पण साधारण १५-१६ अंशांपर्यंतच. त्यापुढे वरच्या बाजूची हवा पंख सोडून देते, तिचे भोवरे होतात आणि उचल एकदम घटते. यालाच स्टॉल म्हणतात. इथे आपली गल्लत होते. स्कूटर ‘स्टॉल झाली’ म्हणजे इंजिन बंद पडलं. विमानाचा स्टॉल म्हणजे पंख बंद पडला. इंजिन तेव्हा मजेत चालू असू शकतं.

उपाय ऐकायला सोपा आहे: नाक खाली करा, कोन कमी होतो, पंख पुन्हा काम करायला लागतो. पण जमीन जवळ दिसत असताना घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, नाक वर ओढतो. दांड्याच्या मायक्रोलाइटमध्ये तर आणखी गंमत आहे. दांडा पुढे ढकलला की नाक वर जातं, अंगाकडे ओढला की खाली येतं. शेपटीच्या विमानात दांडा याच्या बरोबर उलट चालतो. म्हणून हे आधी डोक्यात पक्कं बसावं लागतं. ऐन वेळी विचार करायला सवड नसते.

वळणाचं गणितही असंच. समजा एखादं विमान सरळ उडताना ताशी ६५ किलोमीटरच्या खाली स्टॉल होतं. तेच विमान उंची न सोडता ६० अंश कलून वळलं तर पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ पटीने वाढतो. ६५ चे झाले ९२. आपण ताशी ८० ने निवांत उडत होतो आणि खाली मित्राचं शेत दिसलं म्हणून गर्रकन वळलो, तर वेगाच्या काट्यावर काही बदल नसतानाही पंख हवा सोडतो.

मे महिन्यात बऱ्हाणपूर महाबळेश्वरच्या उंचीवर जातं

पुस्तकातल्या विमानाचे आकडे ‘प्रमाण हवेचे’ असतात: समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान. आपण कुठे, ते कुठे! तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेत पंख, पंखा आणि इंजिन तिघंही कमी काम करतात. म्हणून वैमानिक ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ काढतात, म्हणजे आजची हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते. ठोकताळा असा की प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट, म्हणजे ३७ मीटर वाढवायचे.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटरवर. तिथलं प्रमाण तापमान साडेतेरा अंशांच्या आसपास. मेमधल्या दुपारी पारा ४५ वर. फरक झाला साडेएकतीस अंशांचा. त्याला ३७ ने गुणा, २५० मिळवा. उत्तर येतं १४०० मीटरच्या आसपास. म्हणजे आपण घामाघूम होऊन राजघाटावर उभे असतो, तेव्हा विमानाच्या दृष्टीने आपण महाबळेश्वरला असतो, फक्त थंडीशिवाय.

याचा परिणाम धावपट्टीवर दिसतो. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे ठोकताळे आहेत: दर १० अंश वाढीला उड्डाणासाठी लागणारं अंतर १० टक्के वाढतं, दर हजार फूट उंचीला १० टक्के, कोरड्या गवतावर २० टक्के, आणि विमानाचं वजन १० टक्के वाढलं तर अंतर २० टक्के वाढतं. हे सगळं एकमेकांनी गुणायचं. प्रमाण हवेत पक्क्या धावपट्टीवर २०० मीटर लागत असतील, तर मेच्या दुपारी आपल्याकडच्या गवताळ पट्टीवर साडेतीनशेच्या आसपास लागतील. वजन वाढवलं तर आणखी. पट्टीच्या टोकाला झाडं असतील तर हा हिशेब कागदावरच झालेला बरा.

हवा दिसत नाही, हाच खरा प्रश्न आहे. पण न दिसणाऱ्या गोष्टीचा नुसत्या समजुतीवर हिशेब मांडणं आपल्या गावाला नवीन नाही. १६१५ च्या सुमारास सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी ओळखून, नुसत्या उतारावर ते गावात आणणारा कुंडी भंडारा इथेच बांधला गेला. ते पाणी जमिनीच्या पोटात होतं, हवा डोक्यावर आहे, एवढाच फरक.

आपल्या शेतांकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघतो. नांगरलेली काळी जमीन उन्हात लवकर तापते आणि तिच्यावरची हवा वर उठते. शेजारची पाणी दिलेली केळीची बाग आणि तापीचं पात्र थंड असतं, तिथे हवा खाली बसते. वरून जाणारं चारशे किलोचं विमान एका शेतावर उचललं जातं, पुढच्या बागेवर दबतं. दुपारच्या वावटळी आपण लहानपणापासून पाहतो, त्या याच उकळीचा दिसणारा भाग. म्हणून मायक्रोलाइटवाले पहाटे उडतात. आणि वळवाचा ढग लांब सातपुड्यावर दिसत असला तरी त्याच्या पुढे धावणारा थंड वारा ढगाच्या कितीतरी आधी येऊन पोहोचतो. ‘ढग अजून लांब आहे’ हे वाक्य म्हणून भरवशाचं नाही.

जळगावची एक काल्पनिक फेरी

आता सगळं एकत्र करून बघू. समजा बऱ्हाणपुराजवळ एक छोटी पट्टी आहे, सगळ्या परवानग्या हातात आहेत आणि दोघांना जळगावपर्यंत जाऊन न उतरता परत यायचं आहे. सोयीसाठी अंतर सरळ रेषेत ८० किलोमीटर धरू, विमानाचा वेग ताशी १०० आणि पेट्रोलचा खप तासाला १५ लिटर.

वारा नसेल तर जायला ४८ मिनिटं, यायला ४८, एकूण ९६ मिनिटं. पेट्रोल २४ लिटर.

आता पश्चिमेकडून ताशी ४० किलोमीटरचा वारा आहे आणि तो जाताना बरोबर समोरून येतो, असं धरा. जाताना जमिनीवरचा वेग ६०, म्हणजे ८० मिनिटं. येताना १४०, म्हणजे ३४ मिनिटं. एकूण ११४ मिनिटं, पेट्रोल साडेअठ्ठावीस लिटर. मला वाटायचं की जाताना जे गेलं ते येताना भरून निघेल. निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. वरून अर्ध्या तासाचं राखीव पेट्रोल हवंच, साडेसात लिटर. झाले ३६ लिटर.

आता वजन. मर्यादा ४५० किलो. समजा रिकामं विमान २७० किलो. ऐंशी-ऐंशी किलोची दोन माणसं, १६०. उरले २० किलो. पेट्रोलचा एक लिटर साधारण ७२० ग्रॅम भरतो, म्हणजे टाकीत जास्तीत जास्त २७-२८ लिटर टाकता येतात. लागतात ३६.

संपला विषय. वारा नसता तरी राखीव धरून साडेएकतीस लागले असते, म्हणजे तेव्हाही नाही. टाकीत जागा आहे म्हणून ३६ लिटर भरले तर विमान सहा किलोने जड होईल, आणि तेही विरळ हवेत. एकट्याने जा, नाहीतर मध्ये उतरून पेट्रोल भरा, नाहीतर जवळच्या गावापर्यंतच जा. तीनही उत्तरं योग्य आहेत. ‘बघू, पुरेल’ हे चौथं उत्तर कागदावर येतच नाही, ते फक्त धावपट्टीवर सुचतं. त्यासाठीच हिशेब घरी करायचा.

नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडितने त्या उड्डाणाच्या आठवणीत भूजहून जुहू गाठलं, आणि तेही मुद्दाम जीपीएस न वापरता. मोबाइलशिवाय शेजारच्या गल्लीतलं दुकान न सापडणाऱ्या आपल्या पिढीने यावर थोडा विचार करावा.

यामागची थिअरी फार सोपी आहे. वैमानिक ‘साठास एक’ नावाचा नियम वापरतात: ६० किलोमीटर गेल्यावर १ किलोमीटर बाजूला सरकलात तर चूक १ अंशाची. आपल्या काल्पनिक फेरीत ३० किलोमीटरवर रेल्वेमार्गापासून ठरल्यापेक्षा २ किलोमीटर लांब असाल, तर दिशा ४ अंशांनी चुकली आहे. खुणा आपल्याकडे भरपूर आहेत: रावेर, हतनूर धरणाचं पाणी, दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या, भुसावळचा रेल्वेचा पसारा. घड्याळात ठरलेल्या मिनिटाला ठरलेली खूण खाली दिसली पाहिजे. दिसली नाही तर आधी स्वतःवर शंका घ्यायची, नकाशावर नंतर.

घरातला प्रसंग

हे सगळं माझ्यापुरतंच राहिलं असतं. पण माझी भाची नागपूरला कॉलेजात आहे आणि एनसीसीच्या हवाई शाखेत आहे. या शाखेच्या कॅडेटांना प्रशिक्षकाबरोबर मायक्रोलाइटमध्ये उडण्याचा अनुभव मिळतो. तिचं नाव यादीत लागलं आणि पालकांच्या संमतीचा कागद घरी आला. ताई-भावजी द्विधा मनःस्थितीत. आईने तर फोनवर निकालच दिला, “कापडाच्या विमानात पोरीला बसवायचं नाही.”

मी आईला विमान सुरक्षित आहे असं सांगितलं नाही, कारण नुसतं विमान कधीच सुरक्षित किंवा धोक्याचं नसतं. ते कोण, केव्हा आणि किती वजन घेऊन उडवतं यावर सगळं असतं. मग आम्ही व्हिडिओ कॉलवर बसून प्रश्न काढले. वाऱ्याची मर्यादा किती आणि ती ओलांडली तर काय करतात? वजन करून बसवतात का? इंजिन बंद पडलं तर उतरायची जागा आधी ठरलेली असते का? भाचीने ते सगळे प्रश्न तिथे विचारले. उत्तरं नीट मिळाली आणि ताईने सही केली. आई मात्र गप्पच होती.

ठरलेल्या सकाळी भाचीचा फोन आला, आवाज पडलेला. “मामा, रद्द झालं. वारा जास्त आहे म्हणे.” ती रडायच्या बेतात होती. मी आईला सांगितलं तर ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, “वाऱ्यापायी पोरीला परत पाठवतात ना? मग त्यांच्याकडे पाठवायला हरकत नाही.”

पुढच्या आठवड्यात भाची उडाली. खाली उतरल्यावर तिने पहिला फोन आजीला केला, मामाला नाही.

सहलीत असं विमान दिसलं तर

सुट्टीत समुद्रकिनारी किंवा डोंगरावर गेलो की पॅरामोटर, मायक्रोलाइट, पॅराग्लायडिंगच्या पाट्या दिसतात. मुलं हट्ट करतात. थिअरी न शिकताही प्रत्येक पालकाला काही प्रश्न विचारता येतात. मायक्रोलाइट असेल तर त्यावर व्हीटीने सुरू होणारा भारतीय नोंदणी क्रमांक आहे का? चालकाचं लायसन्स बघता येईल का? बसण्याआधी तुमचं वजन विचारलं किंवा केलं का? पट्टे आणि हेल्मेट स्वतः तपासून देतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचं उड्डाण वाऱ्यामुळे कधी रद्द केलं होतं? या प्रश्नावर ज्याला चटकन एखादा दिवस आठवतो, तो माणूस बरा. “काही होत नाही साहेब, बसा,” असं उत्तर आलं तर मुलांना आइस्क्रीम द्या आणि पुढे चला.

शिकायचं असेल तर

ज्यांना आणखी पुढे जायचं आहे त्यांनी चार विषय हाती घ्यावेत: हवाई नियम, दिशादर्शन, हवामान, आणि विमान व इंजिन. वय, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षेचे चालू नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर मिळतात, ते तिथूनच वाचावेत. अमेरिकेच्या एफएए या संस्थेची वैमानिकांची हँडबुकं इंटरनेटवर फुकट आहेत आणि त्यात कापडी पंखाच्या विमानांचं स्वतंत्र पुस्तकही आहे. वोल्फगांग लांगेविशे यांचं १९४४ सालचं ‘स्टिक अँड रडर’ अजूनही वाचावं असं आहे. कॉलेजातल्या मुलामुलींसाठी एनसीसीची हवाई शाखा हा सगळ्यात जवळचा आणि स्वस्त रस्ता.

पुस्तकं हातात पडेपर्यंत एक काम करा. उद्या सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता गच्चीवर जा. तापमान बघा, वर दिलेल्या ठोकताळ्याने आपल्या गच्चीची त्या वेळची ‘उंची’ काढा, झाडांची पानं किती हलतात ते लिहा आणि त्यापुढे एकच शब्द लिहा: हो किंवा नाही. महिनाभर हे करून वही चाळली की कळेल, दुपारच्या रकान्यात किती ‘नाही’ जमले आहेत ते.